कोलंबसला जायचं का? होकार कळवण्याआधीची तयारी

कोथरूड, कर्वेनगर किंवा फलटणमधल्या एखाद्या घरात संध्याकाळी बातमी येते, "कोलंबसचं विचारतायत, दोन-तीन वर्षांसाठी." पहिलं काम म्हणजे नकाशा उघडून कोणतं कोलंबस ते पक्कं करणं. ओहायो राज्याची राजधानी असलेलं कोलंबस वेगळं, ते नऊ लाखांच्या आसपास वस्तीचं मोठं शहर. आपल्याला विचारलंय ते इंडियाना राज्यातलं, बार्थोलोम्यू काउंटीतलं, सुमारे ५० हजार वस्तीचं. घरभाडं, शाळा, विमानतळ असं काहीही शोधलं की ओहायोचीच माहिती आधी समोर येते. म्हणून नातेवाइकांनाही राज्याचं नाव सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी भलत्याच कोलंबसचं तिकीट काढेल.

पुण्याच्या घरांत हे नाव इतक्या सहज का येतं, ते सांगायला नकोच. डिझेल इंजिनं बनवणारी कमिन्स कंपनी १९१९ साली याच गावात सुरू झाली आणि तिचं मुख्यालय आजही तिथेच आहे. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स पुण्यात उभी राहिली, १९९१ साली कर्वेनगरचं मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आलं, पुढे फलटणचा मोठा प्रकल्प झाला. त्यामुळे "जाऊन आलेलं" कुणीतरी ओळखीत असतंच. मात्र त्यांना "कसं आहे गाव?" असं मोघम विचारू नका. ज्याला नोकरी आहे तो म्हणणार, छान आहे, ऑफिस दहा मिनिटांवर. ते खरंही असतं, पण त्याचा दिवस कंपनीने आखून दिलेला असतो. गाव जमेल की नाही हे ठरतं ते ज्याला नोकरी नाही त्याच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता. मी स्वतः तो मंगळवार काढलेला आहे, म्हणून पुढची सगळी तयारी त्याच बाजूने सांगते.

तर आधी व्हिसा. पगाराच्या आकड्याआधी हे विचारा, कारण घरातल्या दुसऱ्या माणसाची पुढची काही वर्षं यावर ठरतात. कंपनी एल-१ वर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, पाठवत असेल तर जोडीदाराला एल-२ मिळतो आणि नोव्हेंबर २०२१ पासून अशा जोडीदाराला वेगळं वर्क परमिट न काढता नोकरी करता येते. विमानतळावरच्या नोंदीत, म्हणजे आय-९४ वर, 'एल-२एस' असं आलंय ना, तेवढं पाहायचं. एच-१बी, म्हणजे खास कौशल्याच्या नोकरीचा व्हिसा, असेल तर चित्र पार बदलतं. त्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो आणि त्यावर साधारणपणे मुख्य अर्जदाराच्या ग्रीन कार्डातला आय-१४० हा कंपनीने भरायचा अर्ज मंजूर झाल्यावरच वर्क परमिट मागता येतं. तोवर नोकरी नाही आणि सोशल सिक्युरिटी नंबरही नाही. म्हणून एचआरला सरळ प्रश्न करा: ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू करणार का, कोणत्या महिन्यात, आणि हे पत्रात लिहून देणार का? "बघू, गेल्यावर बोलू" हे उत्तर मिळालं तर जोडीदाराची नोकरी निदान दोन वर्षं नाहीच, असं धरून हिशेब मांडा.

त्या हिशेबाला जोडूनच एक अवघड प्रश्न येतो. हे गाव बऱ्याच अंशी एका कंपनीवर उभं आहे. टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना आहे, इतर जपानी कंपन्या आहेत, इस्पितळ आणि शाळा आहेत. पण डिझेल इंजिनांचा धंदा ट्रकच्या बाजाराबरोबर वर-खाली होतो आणि मंदी आली की अख्ख्या गावाला जाणवते. नोकरी गेली तर या व्हिसांवर साधारण जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. शिकागोत किंवा न्यू जर्सीत त्या ६० दिवसांत घर न सोडता दुसरी नोकरी शोधता येते, इथे बहुधा गावच सोडावं लागतं. एल-१ वाल्याला तर दुसऱ्या कंपनीत तसं जाताही येत नाही. तेव्हा परतीचं तिकीट कंपनी देते का, आणि लवकर सोडल्यास रिलोकेशनचे पैसे परत करावे लागतात का, ही दोन कलमं होकाराआधी वाचा. पुण्यातलं घर भाड्याने देताना करार ११ महिन्यांचा ठेवा.

आता गाडी. याच मुद्द्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझे पहिले पाच महिने तिच्यावाचून गेले. आम्ही डिसेंबरात पोहोचलो. एक गाडी घेतली, ती सकाळी साडेसातला ऑफिसला जायची. अपार्टमेंटपासून दुकान दीड मैलावर, म्हणजे कोथरूड डेपोहून पौड फाट्याला चालत जावं इतकंच. पण मधला रस्ता चार लेनचा, काही ठिकाणी फुटपाथच नाही आणि कडेला बर्फाचे ढीग. गावात बस आहे, ती ठरावीक मार्गांवर, ठरावीक वेळेला. रिक्षा हात करून थांबवायची सवय असलेल्या माणसाला हे समजायलाच एक आठवडा जातो. म्हणून 'एक गाडी की दोन' हा प्रश्नच ठेवू नका. बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून दोन गाड्या, दोघांचा विमा आणि दोघांची लायसन्स धरा. एवढ्याने बजेट बसत नसेल तर ऑफर पुरेशी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यासाठी निघण्याआधी दोघांचंही भारतातलं लायसन्स वैध असू द्या, संपत आलं असेल तर नूतनीकरण करून घ्या. ज्याने कधी चारचाकी चालवली नाही, त्याने पुण्यातच क्लास लावून निदान हात बसवावा. इंडियानात राहायला आल्यावर ६० दिवसांत तिथलं लायसन्स काढणं अपेक्षित असतं. बीएमव्हीच्या, म्हणजे तिथल्या आरटीओच्या, कार्यालयात लेखी परीक्षा, डोळ्यांची तपासणी आणि गाडी चालवून दाखवणं, असा क्रम असतो. कागदपत्रांत पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणून घराचा करार आणि बँकेचं खातं पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावावर करा. बहुतेक घरांत सगळं नवऱ्याच्या नावावर होतं आणि मग बायकोकडे दाखवायला एकही कागद नसतो.

शाळांकडे या. सरकारी शाळा बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेड स्कूल कॉर्पोरेशनच्या आहेत, दोन मोठी हायस्कूल म्हणजे कोलंबस नॉर्थ आणि कोलंबस ईस्ट. शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून आधी शाळा पाहून मग अपार्टमेंट ठरवा. वर्ष ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू होतं. जूनमध्ये पोहोचणारं कुटुंब सुखी होतं, मुलांना उन्हाळाभर गाव ओळखता येतं. इथल्या शाळांच्या इमारतींमागे एक गोष्ट आहे, ती मुलांना सांगण्यासारखी. कमिन्सचे जे. अर्विन मिलर यांनी पन्नासच्या दशकात शाळा मंडळाला सांगितलं की चांगला वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी कंपनीचं फाउंडेशन देईल. त्यातून नामवंतांच्या हातच्या शाळा, अग्निशमन केंद्रं, चर्च अशा इमारती या छोट्या गावात उभ्या राहिल्या.

लसीकरणाची फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. इंडियानात शाळेला कांजिण्यांचे दोन डोस, हेपॅटायटिस-ए चे दोन, एमएमआरचे दोन लागतात, शिवाय पोलिओ, हेपॅटायटिस-बी वगैरे. यांतल्या कांजिण्या आणि हेपॅटायटिस-ए या आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत. मुलाला ते फक्त खासगी डॉक्टरांकडे मिळाले असतील. नसतील तर पुण्यातच देऊन या आणि तारखा टाइप केलेलं, शिक्का मारलेलं पत्र डॉक्टरांकडून घ्या. बीसीजी दिल्याची नोंदही त्यात असू द्या, क्षयाच्या त्वचा-चाचणीचा निकाल वाचताना ती उपयोगी पडते.

मुलगा किंवा मुलगी नववीच्या पुढे असेल तर दहा वेळा विचार करा. डिपेंडंट व्हिसा २१ व्या वर्षी संपतो. वर्गातली मुलं उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करून पैसे कमावतात, आपल्या मुलाला एच-४ किंवा एल-२ वर ते करता येत नाही. हे त्याला तिथे गेल्यावर कळू नये, निघण्याआधी घरात बसून सांगा.

घराचं मी थोडक्यात सांगते, फक्त एका गोष्टीवर जोर देऊन. जून २००८ मध्ये हॉ क्रीकला पूर आला, गावातल्या कोलंबस रीजनल हॉस्पिटलच्या तळघरात पाणी शिरलं, रुग्ण हलवावे लागले आणि इस्पितळ काही महिने बंद राहिलं. पानशेत ऐकून वाढलेल्या माणसाला जास्त सांगायला नको. पत्ता ठरवण्याआधी तो फेमा या सरकारी आपत्ती-निवारण संस्थेच्या पूर-नकाशात टाकून पाहा. साध्या घरविम्यात पुराचं नुकसान येत नाही, पुराचा विमा वेगळा असतो आणि सरकारी योजनेत तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो. घर विकत घ्यायची वेळ आली तर राहत्या घराचा मालमत्ता कर इंडियानात किमतीच्या साधारण १ टक्क्यावर जात नाही, पण त्यासाठी 'होमस्टेड'चा अर्ज आपल्याला भरावा लागतो. पहिल्या वर्षी तरी भाड्यानेच राहा.

दवाखान्याबद्दल: रोजच्या गरजेला गावातलं इस्पितळ पुरतं, मुलांच्या गुंतागुंतीच्या आजारासाठी इंडियानापोलिसचं रायली हॉस्पिटल तासाभरावर आहे. घरात कुणाला सतत तज्ज्ञ डॉक्टर लागत असतील, तर तो तज्ज्ञ गावात आहे का, तुमच्या विम्याच्या नेटवर्कमध्ये आहे का आणि नवीन पेशंटला तारीख किती महिन्यांनी मिळते, हे आधी फोन करून विचारा. डिडक्टिबलचा, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी आपल्या खिशातून भरायच्या रकमेचा, आकडा दोघांनी मिळून समजून घ्या. चष्म्याची जास्तीची जोडी आणि दातांची कामं पुण्यातच उरका.

आणि हिवाळा. थंडीचा बाऊ सगळे करतात, पण जॅकेट घातलं की थंडी सोसते. जाणवतो तो अंधार. कोलंबस अमेरिकेच्या पूर्वेच्या वेळेत आहे पण त्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला, त्यामुळे डिसेंबरअखेर सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. मुलं अंधारात स्कूल बसला उभी राहतात. जूनमध्ये हाच सूर्य रात्री नऊपर्यंत असतो. वसंतात वादळाचे भोंगे वाजतात, तेव्हा इमारतीत खाली कुठे जाऊन बसायचं ते घर पाहतानाच विचारून ठेवा.

या अंधाराच्या महिन्यांत मला सावरलं ते पाचव्या रस्त्यावरच्या लायब्ररीने. क्लिओ रॉजर्स लायब्ररी, आय. एम. पेई यांनी बांधलेली, १९६९ ची. समोर एलिएल सारिनेन यांचं १९४२ चं चर्च आणि मधल्या चौकात हेन्री मूर यांची प्रचंड कमान. पत्त्याचा पुरावा दाखवला की कार्ड फुकट. पुस्तकं तर आहेतच, पण तिथे माणसं भेटतात. लहान मूल असेल तर वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं 'द कॉमन्स' पाहून ठेवा, आत मुलांना चढायला-खेळायला जागा आहे, बाहेर उणे दहा असलं तरी तासभर निघतो. शिकायचं असेल तर आयव्ही टेक कॉलेज आणि इंडियाना युनिव्हर्सिटीचा कोलंबस कॅम्पस गावातच आहेत. एच-४ वर नोकरी नसली तरी शिकता येतं. त्या रिकाम्या वर्षांत काय शिकायचं ते पुण्यातच ठरवा, तिथे गेल्यावर ठरवायचं बळ राहत नाही.

खाण्यापिण्याची काळजी आता कुणी करू नये. डाळी, पोहे, पीठ मिळतं, काही राहिलं तर इंडियानापोलिसची फेरी. गोडा मसाला मात्र घरचा न्या. देवळासाठी आणि मोठ्या गणपतीसाठीही इंडियानापोलिसलाच जायचं, आय-६५ महामार्गाने साधारण ४५ मैल. कोलंबसमध्ये मराठी घरं आहेत, पण वस्ती सतत बदलते: दर उन्हाळ्यात दोन-तीन घरं परत जातात आणि मुलांचे जिवलग मित्र त्यांच्याबरोबर. याची तयारी मनात ठेवावी लागते. म्हणून फक्त मराठी वर्तुळात राहू नका, शेजारच्या अमेरिकन आणि जपानी बायकांशी ओळख करा. मियोशी हे जपानी गाव कोलंबसचं भगिनी-शहर आहे, तेव्हा परदेशी माणूस इथे नवलाईचा नाही.

आई-वडिलांबद्दल दोन वाक्यं. इंडियानापोलिसहून भारताला थेट विमान नाही, तातडीने निघालो तरी घरी पोहोचायला दीड दिवस धरा. त्यांना बोलवायचं तर मे ते सप्टेंबर, प्रवासी विमा काढून, आणि पीपल ट्रेल या गावातल्या पायवाटेला लागून असलेलं घर मिळालं तर फार बरं, कारण तिथे त्यांना रोज संध्याकाळी सुरक्षित चालता येतं.

कंपनी होकाराआधी दोघांना गाव पाहायला पाठवत असेल तर जोडीदाराला घेऊनच जा, आणि शक्य असेल तर फेब्रुवारी मागा. ऑक्टोबरात ब्राउन काउंटीच्या जंगलात झाडं लालभडक होतात, तेव्हा कुणीही होकार देईल. एक पूर्ण दिवस नोकरी करणाऱ्याने ऑफिसात घालवावा आणि दुसऱ्याने गाडीशिवाय गावात. बसने लायब्ररीपर्यंत जायचं, किराणा आणायचा, शाळेच्या ऑफिसात दहा मिनिटं बसायचं. संध्याकाळी तिथल्या एखाद्या मराठी घरी जा आणि घरातल्या बाईला स्वयंपाकघरात एकटीला गाठून विचारा, पहिलं वर्ष कसं गेलं, आणि परत जायचं का असं तिला किती वेळा वाटलं.