पुरुमेंताबरोबर इंटरनेटचीही तयारी

मे महिन्यात आपण पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला लागतो. मिरच्या, सोलं, सुकी मासळी डब्यात जाते. त्यातलाच अर्धा दिवस घरच्या इंटरनेटला द्या. २०० एमबीपीएसचा प्लॅन असून आतल्या खोलीत २० सुद्धा मिळत नसतील, तर बहुतेक वेळा अडचण घरातच असते. आपली जुनी घरं चिऱ्याची, भिंती फूट-दीड फूट जाड. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण अशा भिंतीत जिरतं, २.४ लांब पोचतं, पण वेग कमी.

म्हणून आधी राउटरची जागा ठरवा, आणि तीही जोडणीवाला यायच्या आधी. वायर तिथवर येते म्हणून तो सोप्यावरच राउटर बसवायला बघतो. मधल्या खोलीपर्यंत फायबर न्यायला सांगा, थोडी वायर जास्त लागली तरी. फोंड्याच्या आमच्या घरी राउटर टीव्हीमागे लाकडी कपाटात होता. तो राजांगणाकडच्या, म्हणजे घराच्या मधल्या चौकाकडच्या फळीवर, डोक्याच्या उंचीवर आणला, तेव्हा मुलीचा ऑनलाइन वर्ग अडखळायचा थांबला. फायबर काचेचा असतो. कोपऱ्यावर त्याला गोल वळण हवं, काटकोनात मोडला की गेला.

मग वेग मोजा, पण लॅपटॉप केबलने राउटरला जोडून. आकडा ९४-९५ वर येऊन अडत असेल तर केबल बघा. तिच्या ८ तारांपैकी ४ च जुळल्या असतील, किंवा राउटरचं पोर्टच १०० चं असेल. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट सहज नेते. माडीवर वायफाय पोचत नसेल तर वायफाय पुढे पोचवणाऱ्या एक्स्टेंडरपेक्षा अशी केबल वर नेऊन तिथे दुसरा राउटर लावणं मला कधीही बरं वाटतं. आणि १०० एमबीपीएसवर डाउनलोड सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइटच दिसणार, कारण ८ बिटांचा १ बाइट. तिथे बिघाड शोधू नका.

वीज जाणार हे धरूनच चाला. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येऊन जोडतो तो डबा, वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद. गडगडाट सुरू झाला की मात्र प्लग काढाच. काचेच्या धाग्यातून विजेचा झटका येत नाही, पण अडॅप्टरमधून आणि माडीवर नेलेल्या तांब्याच्या केबलमधून येतो.

राउटरचा मूळ पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. चवथीला घर भरतं. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क आताच सुरू करून ठेवा.

ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन नंबर कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवा. नेट बंद पडल्यावर ते ॲपमधून शोधता येतीलच असं नाही.