नवीन लोकांना एमटीबी (माउंटन बाइक) शिकवायची असेल तर सुरुवात कुठून करायची

कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा, जाड टायरच्या, पुढे सस्पेन्शन असलेल्या, २१ गियरच्या सायकली धूळ खात उभ्या असतात, हवा गेलेली, चेन गंजलेली. हौसेनेच घेतलेल्या असतात सगळ्या. होतं काय, सायकल आणली की पहिल्याच रविवारी कुणीतरी मित्र थेट टेकडीवर घेऊन जातो, चढाला दम निघतो तो निघतोच, पण खरं प्रकरण उतारावर, मुरमात पुढचं चाक सटकतं, कोपर सोलवटतं आणि मग "आपल्याला नाही जमायचं हे" म्हणून विषय कायमचा बंद. सायकल होती, टेकडी होती, इच्छा पण होती, फक्त पहिल्या दोन तासांत काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे माउंटन बाइकिंग वाढवायचं असेल तर आणखी एक रेस भरवण्याआधी नवख्यांसाठी एक साधा, नीट आखलेला लेसन सुरू करा, रेसला तीच ती मंडळी येतात, लेसनला नवी येतात. मी पुण्यातला म्हणून उदाहरणं इथली देतोय, पण ठाणे, नाशिक, कोल्हापूर, कुठेही असाच करता येईल.

हे काही मी हवेत बोलत नाहीये. हा खेळ जिथे जन्मला त्या कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत सत्तरच्या दशकात मूठभर दोस्त जुन्या जड सायकली घेऊन डोंगर उतरायचे, १९७६ पासून तिथे रीपॅक नावाची रेस व्हायची, पुढे १९९६ ला अटलांटात हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पण गेला. पण तिथल्या शाळेतल्या पोरांपर्यंत तो पोचवण्याचं मोठं काम केलं ते निका (नॅशनल इंटरस्कोलास्टिक सायकलिंग असोसिएशन) या अमेरिकन संस्थेने, २००९ ला सुरू झाली, आणि त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे, आधी कोच तयार करायचे, बरेचसे कोच म्हणजे स्वतः शिकून आलेले आईबाबा आणि शिक्षक, आणि टीममध्ये बेंचवर कुणालाच बसवायचं नाही, हळू चालवणारं पोरगं पण रेसला उभं राहणार. मुलींसाठी वेगळा कार्यक्रम आहे. आपल्याला यातलं पहिलं पाऊल लगेच उचलता येतं, ते म्हणजे शिकवणारे तयार करणं.

आणि इथेच गडबड होते. ग्रुपमधला सगळ्यात फास्ट रायडर हाच आपोआप गुरुजी होतो. त्याला सगळं अंगवळणी पडलेलं असतं त्यामुळे तो "घाबरू नको, सोडून दे ब्रेक" एवढंच सांगतो आणि पुढे निघून जातो. शिकवायला असा माणूस शोधा जो थांबून बघतो, ज्याला एका वेळी एकच गोष्ट सांगता येते. एका शिकवणाऱ्यामागे सहाच्या वर लोक घेऊ नका, आणि सोबत एक मदतनीस हवाच, नंतर टेकडीवर तो सगळ्यात मागे राहणार. दोघांपैकी एकाने तरी प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलेलं असावं, यात तडजोड नको.

जागा म्हणाल तर पहिला लेसन टेकडीवर अजिबात नाही. शाळेचं मैदान, सोसायटीमागचा मोकळा प्लॉट, थोडा उतार असलेली गवताची जागा, बास. शंकूबिंकू नसले तरी चालतं, पाण्याच्या बाटल्या आणि विटा पुरतात. सकाळी साडेसहाला बोलवा, नऊच्या आत संपवा, नंतर ऊन डोक्यावर येतं आणि कुणाचं लक्ष राहत नाही.

लोक आले की पहिली वीस मिनिटं सायकलीच तपासा. दोन्ही चाकं घट्ट बसलीत का, हँडल सैल आहे का, ब्रेक दाबल्यावर लिव्हर दांडीला टेकतोय का. हवा बघा, दुकानात बऱ्याचदा रस्त्याच्या हिशोबाने ५०-६० पीएसआय भरून देतात आणि तेवढ्या हवेवर टायर मुरमात नुसता उड्या मारतो. ट्यूब असलेला २.१ इंची टायर आणि मध्यम वजनाचा माणूस असेल तर ३० च्या आसपास आणा, फरक लगेच कळतो. सीट चार बोटं खाली घ्या, निदान पहिल्या दिवशी तरी, पाय जमिनीला टेकतोय म्हटल्यावर अर्धी भीती तिथेच जाते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका. मागे सरकलेलं हेल्मेट घालून कपाळ उघडं टाकणारे खूप असतात, स्वतः हाताने नीट करून द्या.

आता खरा लेसन. पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी, उभं राहणं आणि थांबणं. तिसरी शिकवायचा मोह होईल, आवरा.

उभं राहणं म्हणजे उतारावर सीटवरून उठून दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायची, टाचा थोड्या खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले, छाती जरा पुढे झुकलेली, नजर पुढे. कबड्डीत रेडर अंगावर येताना डिफेंडर जसा उभा असतो तसं, हे सांगितलं की आपल्याकडच्या पोरांना पटकन कळतं. नवखा माणूस नेमका उलटं करतो, हात ताठ, सीटवर बसलेला, एक पेडल खाली, आणि नजर पुढच्या चाकावर. खालचं पेडल दगडाला लागतं आणि माणूस आडवा होतो, त्यामुळे पेडल आडवी ठेवायची सवय पहिल्याच दिवशी लावा. आधी सायकल स्थिर धरून करून घ्या, मग सपाटीवर चालती ठेवून, मग हलक्या उतारावर.

मग थांबणं, आणि यावर मी निम्म्याहून जास्त वेळ देतो. आधी प्रत्येकाला सायकल हाताने ढकलत एकेक ब्रेक दाबून बघायला लावा, कुठला लिव्हर पुढच्या चाकाचा हे कित्येकांना माहितच नसतं आणि सगळ्या सायकलींना ते सारखं नसतं पण. आपल्याकडे घरोघरी एकच गोष्ट मनात भरवलेली असते, पुढचा ब्रेक दाबू नको, उलटून पडशील. त्यामुळे माणूस फक्त मागचा दाबतो, मागचं चाक लॉक होतं, सायकल घसरत जाते आणि थांबत मात्र नाही. खरं म्हणजे ब्रेक दाबल्यावर वजन पुढे येतं, पुढच्या टायरची पकड वाढते, त्यामुळे थांबवायचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो, फक्त तो एका बोटाने, हळूहळू वाढवत दाबायचा आणि त्याच वेळी टाचा खाली देऊन कंबर मागे न्यायची. हे नुसतं सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं. जमिनीवर एक रेघ मारा, ठरलेल्या स्पीडने येऊन रेघेपाशी ब्रेक लावायला सांगा, आधी नुसत्या मागच्याने, मग दोन्हींनी, आणि जिथे थांबले तिथे वीट ठेवा. दोन विटांमधलं अंतर बघितलं की चेहऱ्यावर जे दिसतं ना, तिथे तो माणूस या खेळात आला म्हणून समजा. मग स्पीड थोडा वाढवून परत करा, स्पीड दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं त्याची झलक पण त्याच विटांवरून दिसते.

दुसऱ्या रविवारी वळणं आणि चढ. वळणाचा नियम एकच, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही, आणि डोळे वळणाच्या शेवटाकडे. सुट्या मुरमात वळताना पुढचा ब्रेक दाबला की चाक गेलंच. चढाला लोक गियर उशिरा टाकतात, जोर लावता लावता, मग कडकड आवाज आणि चेन पडते, म्हणून हलका गियर चढ सुरू व्हायच्या आधी टाकायची सवय लावा. खडा चढ असेल तर सीटच्या पुढच्या टोकाकडे सरकून बसायचं, उठून पेडल मारलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागच्या जागी फिरतं. हे त्यांना दहा पावलांच्या चढावर करू द्या, मोठा चढ नको.

तिसऱ्या रविवारी टेकडी. आणि इथे शिकवण्यातली एक बाजू येते जी रेसमध्ये कुणी शिकवत नाही. आपल्या टेकड्या काही फक्त सायकलवाल्यांच्या नाहीत, वेताळ टेकडीवर पहाटेपासून चालणारे काका-काकू असतात, कुत्री घेऊन येणारे असतात, मोर बघायला येणारे असतात, आणि ही टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरलेले आहेत. एकाने वळणावर आजोबांच्या अंगावर सायकल घातली की सगळ्यांच्या नावाने ओरड होते, आणि एकदा बंदी आली की उठणं अवघड. म्हणून लेसनमध्येच सांगा, चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, लांबूनच घंटी किंवा "काका, डावीकडून येतोय" असा आवाज द्यायचा, बाजूने जाताना वेग चालण्याइतका करायचा, नमस्कार-थँक्यू म्हणायचं. चाक लॉक करून घसरत उतरायचं नाही, त्या चरातून पावसाळ्यात पाणी वाहतं आणि पायवाटेचा ओढा होतो. नवीन वाटा पाडायच्या नाहीत. जिथे वनखात्याची जागा आहे तिथे सायकलला परवानगी आहे का आणि वेळा काय आहेत ते आधी जाऊन विचारून या, ग्रुप घेऊन गेल्यावर गेटवर वाद घालण्यात अर्थ नाही.

टेकडीवर पुढे शिकवणारा, शेवटी मदतनीस, आणि मदतनिसाच्या मागे कुणी राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर थांबून डोकी मोजा. अवघड पॅच आला की आधी सगळ्यांना उतरून चालत दाखवा, दगड कुठे, वाट कुठली, मग ज्याला वाटेल त्याने चालवावं, ज्याला नाही त्याने हातात धरून उतरावं, आणि उतरून जाणं हे पण बरोबरच आहे हे मोठ्याने सांगा. पुढच्या राइडचे मेसेज टाकताना पण रस्ता कसा आहे ते लिहा, परदेशात बऱ्याच ट्रेलवर हिरवा गोल म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा डायमंड म्हणजे अवघड अशा खुणा असतात, त्याच वापरा, म्हणजे नवीन माणूस चुकून काळ्या राइडला येऊन खेळ सोडणार नाही.

बायकांसाठी शक्य असेल तर वेगळी बॅच ठेवाच आणि शिकवणारी बाईच बघा. मिश्र ग्रुपमध्ये बऱ्याच जणी प्रश्न विचारत नाहीत, वेगळ्या बॅचमध्ये प्रश्नच संपत नाहीत. त्यांच्या मापाच्या, छोट्या फ्रेमच्या दोन-तीन सायकली मागून का होईना जमवा, नवऱ्याच्या किंवा भावाच्या उंच सायकलवर कुणीही शिकू शकत नाही. लहान मुलांना लेक्चर नको, खेळ द्या, सगळ्यात हळू कोण चालवतं अशी शर्यत लावा, बॅलन्स आणि ब्रेक दोन्ही आपोआप येतं. आईवडिलांची लेखी परवानगी घ्या आणि त्यांना पण मैदानावर थांबवून घ्या, त्यातूनच पुढचा मदतनीस मिळतो.

फी घ्या, थोडी का होईना. फुकट ठेवलं की पाऊस पडला, पाहुणे आले, लोक येत नाहीत. पण ज्याला परवडत नाही त्याला गुपचूप माफ करा, त्याचा गवगवा नको. आलेल्या पैशातून दोन चांगली हेल्मेट, एक पंप, पंक्चर किट आणि प्रथमोपचाराची पेटी घ्या, बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर किट सगळ्यात आधी संपतं.

वेळ ऑक्टोबरची धरा. तेव्हा जमीन धरून ठेवते, हवा बरी असते, आणि फेब्रुवारीपर्यंत दोन-तीन बॅच आरामात होतात. एप्रिल-मेमध्ये वाळलेल्या गवतावर आणि सुट्या खडीवर नवख्यांना नेऊ नका. पावसाळ्यात काळी माती टायरला अशी चिकटते की चाक फिरायचं थांबतं, वर ओल्या वाटेवर सायकली घातल्या की वाट पण खराब होते, तेव्हा ते तीन-चार महिने पार्किंगमध्ये बसून पंक्चर काढणं, चेन साफ करणं, ब्रेक अ‍ॅडजस्ट करणं शिकवा. आदल्या बॅचमध्ये जे शिकले त्यांनाच तिथे शिकवायला उभं करा आणि ऑक्टोबरच्या बॅचचे मदतनीस त्यातूनच निवडा.