शेक संपले, आता दाखवायचं कुणाला?

गेल्या महिन्यात माझ्या भाचसुनेचे स्तनाच्या कॅन्सरचे शेवटचे शेक (रेडिएशन) झाले आणि दुसऱ्याच दिवशी गडहिंग्लजहून तिचा फोन आला. "आत्या, आता तपासणीला दर वेळी मुंबईत परळच्या कॅन्सर हॉस्पिटललाच जायचं, का कोल्हापुरात कुणाला दाखवायचं?" २०१८ साली माझे याच आजाराचे उपचार संपले तेव्हा मीही इथंच अडले होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी ब्लाउज शिवते. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

आधी ठरवा, तुमच्या फाईलचा धनी कोण? माझं ऑपरेशन एका डॉक्टरांनी केलं, किमो दुसऱ्यांनी दिली. एक टाके आणि छाती बघायचे, दुसरे लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी लिहून द्यायचे. त्या गोळीनं हाडं ठिसूळ होतात, म्हणून सुरुवातीलाच हाडांची डेक्सा तपासणी करायची आणि पुढंही ठरावीक काळानं करत राहायची असते. दोघांनाही वाटलं, दुसऱ्यानं केली असेल. न्हाणीत घसरून मनगट मोडलं तेव्हा कळलं, कुणीच केली नव्हती. म्हणून डॉक्टर निवडताना सरळ विचारा, "माझं सगळं तुम्ही बघणार का?" 'हो' म्हणणारा एकच माणूस हवा, बाकीचे त्याच्या सांगण्यावरून.

तो फार मोठ्या नावाचाच हवा असं नाही. काम काय असतं ते बघा. पहिली तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी हातानं नीट तपासणी, चौथ्या-पाचव्या वर्षी ६ ते १२ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, दर वर्षी. शेक झाले असतील तर पहिली मात्र किमान ६ महिन्यांनंतर. काही त्रास नसेल तर पेट स्कॅन (अंगभर कॅन्सर शोधणारा स्कॅन) आणि रक्तातले मार्कर (कॅन्सरची खूण शोधायची रक्ततपासणी) पुन्हा पुन्हा करायची गरज नसते. इंग्लंड आणि कॅनडात बायकांचे दोन गट करून बघितलं, काही फॅमिली डॉक्टरांकडे, काही तज्ज्ञांकडे. आजार उलटल्याचं ओळखण्यात फरक पडला नाही. अर्थात तुमच्या फॅमिली डॉक्टरांना काय बघायचं ते लेखी मिळायला हवं. ट्रॅस्टुझुमॅबची (हर-टू जातीच्या गाठीवरच्या औषधाची) इंजेक्शनं चालू असतील तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना सोडू नका, त्यात दर ३ महिन्यांनी हृदयाची इको लागते.

पहिल्या भेटीत एक गोष्ट नक्की बघा. दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याच्या हाडाच्या वरची जागा हातानं चाचपली का, का फक्त रिपोर्ट चाळले? आणि त्यांच्यासमोर पदर बाजूला करायचा संकोच वाटत असेल तर बाई डॉक्टर शोधा, त्यात गैर काही नाही. माझ्या शेजारणीनं संकोचापोटी टाक्याजवळची पुटकुळी चार महिने दाखवली नाही. तिला त्यातून काही निघालं नाही, पण ते चार महिने तिला झोप नव्हती.

हाताचं जरूर विचारा. काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजू शकतो. माझा दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या गर्दीत सुजला, बांगडी चढेना. पट्टी बांधायला आणि व्यायाम शिकवायला कुणाकडे पाठवाल, हे ज्यांना लगेच सांगता येतं ते डॉक्टर मला भरवशाचे वाटतात. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी घेणाऱ्यांनी पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. असा फोन कुणी उचलायचा, तेही आधीच ठरवून घ्या.

आता परळचं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं दोन रात्री प्रवास, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, आणि तपासणी दहा मिनिटांची. २०१९ च्या ऑगस्टात महापुरानं शिरोलीजवळ हायवे बंद झाला, माझी तारीख हुकली आणि पुढची मी पाच महिने घेतलीच नाही. लांबचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी जाणंच टळत असेल तर उपयोग काय? मुंबईच्या डॉक्टरांकडून पुढच्या तपासण्यांचं लेखी वेळापत्रक घ्या आणि नेहमीचं इथल्या डॉक्टरांकडे सोपवा.

त्यांना द्यायला एक पान तयार ठेवा: गाठीचा रिपोर्ट, त्यातले ईआर, पीआर, हर-टू (गाठ कोणत्या जातीची ते सांगणाऱ्या चाचण्या), ऑपरेशनची तारीख, किमोची औषधं, शेक किती, गोळी कधी सुरू झाली. मॅमोग्राफी शक्यतो एकाच ठिकाणी करा आणि जुनी फिल्म सोबत न्या, म्हणजे शेजारी ठेवून बघता येते.

भाचसून मंगळवारी फाईल घेऊन येणार आहे. तिचं पान आम्ही दोघी मिळून लिहून काढू.