मोटरला क्लिंगॉनमधे हुकूम कसा सोडायचा

क्लिंगॉन म्हणजे स्टार ट्रेक या अंतराळातल्या पिक्चरमधल्या परग्रहवासीयांची बनवलेली भाषा. भाषातज्ज्ञ मार्क ओक्रँडनी ती १९८४ च्या पिक्चरसाठी बांधली, १९८५ ला डिक्शनरी पण आली, पण आपलं काम एवढंच की सांगलीकडं रानातली मोटर क्लिंगॉनमधे कशी लावायची.

चु' म्हणजे यंत्र चालू करणं (शेवटी घशात आवाज तोडायचा), क्ख़ुक्ख़ म्हणजे इंजिन, मोटरला तेच धकवू. क्रियापदाच्या आधी यि जोडला की हुकूम झाला: क्ख़ुक्ख़ यिचु'. विहिरीवरची आणि नदीवरची दोन्ही लावायच्या असतील तर क्ख़ुक्ख़मेय तिचु', म्हणजे यिचा ति झाला कारण वस्तू जास्त झाल्या, ऐकणारा गडी एक असो नायतर चार, त्यानं फरक पडत नाय. आधी वस्तू मग क्रियापद, आपल्यासारखंच. साध्या वाक्यात कर्ता शेवटी जातो, तिथं जरा गोंधळ उडतो.

कॉम्प्युटरला सांगायचं असेल तर नुसती हाक मारायची: डे'वि', क्ख़ुक्ख़ यिचु'. यि इथं मोटरसाठी आहे, कॉम्प्युटरसाठी नाय, हे डोक्यात फिट करा. (डे मधला ड जीभ वळवूनच म्हणायचा, तो आपल्याला फुकटात येतो.) आणि 'मला' साठी यिच्या जागी ख़ि, ख़िजोल म्हणजे मला यानावर ओढून घे.

आता खरी गंमत. 'बंद कर' आणि 'चालू करू नको' हे दोन वेगळे हुकूम आहेत. केलेलं उलटं करायचं तर क्रियापदाला अगदी चिकटून ख़ा': यिचु'ख़ा', बंद कर. मनाई करायची तर सगळ्यात शेवटी क्ख़ो': यिचु'क्ख़ो', चालूच करू नको. दोन्ही एकत्र पण बसतात, ऊसाला पाणी चालू असताना कोण बटणाकडं हात न्यायला लागला तर ओरडायचं यिचु'ख़ा'क्ख़ो', बंद करू नको! प्लीजबिज घालायच्या भानगडीत पडू नका. फारच घाई असेल तर यि पण गाळतात, क्ख़ुक्ख़ चु' म्हटलं तरी चालतं.

हुकूम नसताना क्ख़ो' लावला तर अर्थ होतो 'नकार देणं', आणि साधं 'नाही' म्हणायला बे' असतो. क्ख़ाप म्हणजे चालणं. म्हणून व्होल्टेज नसल्यानं मोटर चालत नसेल तर क्ख़ापबे' क्ख़ुक्ख़, आणि थ्री फेज फुल असून पण हूं की चूं करत नसेल तर क्ख़ापक्ख़ो' क्ख़ुक्ख़, मग हुकूम बास करा आणि वायरमनला फोन लावा.