नीट आणि सीईटीच्या जीवशास्त्रात या चुका टाळा

नीटच्या 720 गुणांपैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात, तर एमएचटी-सीईटीच्या पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटात 200 पैकी 100. इतका मोठा वाटा असलेल्या विषयाकडे बहुतेक विद्यार्थी 'हे काय, पाठ करून होईल' या नजरेने पाहतात, दिवसातले ताजेतवाने तास भौतिकशास्त्राला देतात आणि रात्री डोळे मिटू लागले की जीवशास्त्राचे पुस्तक उघडतात. दर वर्षी नव्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना मला त्याच त्या चुका दिसतात आणि त्यांचे मूळही बहुधा एकच असते: पेशीत किंवा शरीरात प्रत्यक्ष काय घडते हे डोळ्यांसमोर येण्याआधीच उत्तर पाठ झालेले असते.

सर्वांत चिवट चूक पेशीविभाजनातली आहे. कांद्याच्या मुळाच्या टोकाकडील पेशीत 16 गुणसूत्रे असतात. एस अवस्थेनंतर, म्हणजे विभाजनाआधी डीएनएची प्रत तयार झाल्यावर, ती किती होतील असे विचारले की वर्गातून हमखास '32' हे उत्तर येते. एस अवस्थेत दुप्पट होतो तो डीएनए, म्हणजे 2सी चा 4सी ('सी' म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातील डीएनएचे प्रमाण). गुणसूत्रे मात्र 16च राहतात, कारण प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही क्रोमॅटिड (सारख्या प्रती) एकाच सेंट्रोमिअरने, म्हणजे एकाच सांध्याने, जोडलेल्या असतात. 32 हा आकडा दिसतो तो पश्चावस्थेत, म्हणजे ॲनाफेजमध्ये, सेंट्रोमिअर दुभंगल्यानंतर, आणि तोही पेशीचे दोन भाग होईपर्यंतच.

माझ्याकडे एक अतिशय कष्टाळू मुलगी होती. तिने एका वन-शॉट (सगळे प्रकरण एका बैठकीत उरकणाऱ्या) व्हिडिओवरून सगळ्या अवस्थांमधील 'एन' (गुणसूत्रांचे संच) आणि 'सी' यांचा तक्ता रंगीत पेनांनी उतरवून घेतला होता आणि झोपेतून उठवले तरी तो तिला घडाघडा म्हणता येत असे. सराव परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून आला: जी-1 अवस्थेत (एस अवस्थेच्या आधी) 2सी डीएनए असलेल्या पेशीचे पहिले मायोसिस (अर्धसूत्री विभाजनाचा पहिला टप्पा) पूर्ण झाल्यावर प्रत्येक नव्या पेशीत डीएनए किती असेल? तिने 'सी' असे उत्तर दिले, कारण पहिले मायोसिस म्हणजे निम्मे एवढेच तिच्या डोक्यात बसले होते. काय निम्मे होते आणि कशाच्या तुलनेत, याचा तिने विचारच केलेला नव्हता. चूक दाखवल्यावर तिने तक्त्यात आणखी एक ओळ वाढवली आणि पुढच्या चाचणीत दुसऱ्या मायोसिसवरचा प्रश्न चुकवला.

तेव्हा मी तो तक्ता मिटवून ठेवायला लावला आणि तिच्यापुढे लोकरीचे धागे ठेवले: दोन लांब लाल, दोन आखूड हिरवे. ही झाली चार गुणसूत्रांची पेशी. प्रत्येक धाग्याला तेवढ्याच लांबीचा जोडीदार देऊन दोघांना मधोमध एका गाठीने बांधायचे, की एस अवस्था संपली. गाठी चार, म्हणून गुणसूत्रे चार; धागे आठ, म्हणून डीएनए दुप्पट. पहिल्या मायोसिसमध्ये लालपासून लाल आणि हिरव्यापासून हिरवा दूर गेला, पण गाठ एकही सुटली नाही; त्यामुळे प्रत्येक बाजूला दोन गाठी आणि चार धागे आले. गुणसूत्रे निम्मी झाली, डीएनए मात्र जी-1 मध्ये होता तितकाच, 2सी. दुसऱ्या मायोसिसमध्ये गाठी सोडवल्या, तेव्हा कुठे प्रत्येक पेशीला दोन सुटे धागे मिळाले आणि डीएनए सी झाला. तिने हे टेबलावर स्वतःच्या हातांनी पुन्हा पुन्हा मांडले आणि त्यानंतर या प्रकरणावरचा तिचा प्रश्न चुकलेला मला आठवत नाही. या मांडणीला जेमतेम अर्धा तास लागतो. एवढा वेळ देण्याची तयारी नसलेला विद्यार्थी तोच तक्ता वर्षभर घोकत बसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी चूक आनुवंशिकीत होते, जिथे गणित सोपे असूनही छेद चुकतो. एकसंकर प्रयोगात (उंच आणि बुटक्या झाडांच्या संकरात) एफ-2, म्हणजे दुसऱ्या पिढीतील उंच झाडांपैकी विषमयुग्मजी (एक जनुक उंचीचे, एक बुटकेपणाचे असलेली) किती, याचे उत्तर 2/3 आहे. 1/2 हे उत्तर सर्व झाडांच्या संदर्भात आहे. रंगांधतेची वाहक आई आणि सामान्य दृष्टीचे वडील असतील, तर सर्व अपत्यांपैकी रंगांध असण्याची शक्यता 25 टक्के आणि फक्त मुलग्यांपुरती 50 टक्के. पर्यायांमध्ये ही दोन्ही उत्तरे ठेवलेली असतात. मी मुलांना पनेट चौकोन (अपत्यांच्या शक्यता दाखवणाऱ्या घरांचा तक्ता) काढून, ज्यांच्याबद्दल विचारले आहे तेवढीच घरे पेन्सिलीने घेरायला लावतो आणि मगच मोजू देतो.

काही छोट्या चुकाही पुन्हा पुन्हा होतात. हृदयाची डावी बाजू आकृतीत वाचणाऱ्याच्या उजव्या हाताला असते. आकृती पाहताना हात स्वतःच्या छातीवर ठेवावा. जेलीफिश, स्टारफिश, सिल्व्हरफिश आणि कटलफिश यांपैकी एकही मासा नाही. मायोसिसमध्ये पारगती (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) पॅकिटीन टप्प्यात होते, तिच्या खुणा म्हणजे कायझ्मा दिसतात ते डिप्लोटीनमध्ये.

आकडे सुटे सुटे पाठ करण्याची सवयही घातक आहे. वृक्कातील गाळणाचा वेग मिनिटाला 125 मिली आणि दिवसाला 180 लिटर, हे दोन आकडे वेगळे नाहीत. 125 ला 1440 मिनिटांनी गुणले की दुसरा मिळतो. हृदयाचेही तसेच आहे: एका ठोक्याला 70 मिली आणि मिनिटाला 72 ठोके, म्हणून सुमारे पाच लिटर.

पुस्तकांची गल्लत ही घाईचीच दुसरी बाजू आहे. नीटसाठी एनसीईआरटी आणि सीईटीसाठी राज्य मंडळाचे पुस्तक मूळातून, आकृत्यांखालच्या ओळींसकट वाचावे लागते; कोणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स त्याची जागा घेऊ शकत नाही. जून महिन्यातच 'महत्त्वाची प्रकरणे कोणती' असे विचारणाऱ्यांना मी आधी एक पूर्ण प्रकरण वाचून यायला सांगतो. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना अभ्यासक्रमही शेजारी ठेवावा, कारण नीटच्या 2024 पासूनच्या अभ्यासक्रमात 'पचन आणि शोषण' हे प्रकरण नाही आणि त्यावरचे जुने प्रश्न सोडवण्यात अनेकांचे दिवस वाया जातात. सीईटीचे सुमारे 80 टक्के प्रश्न बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर असतात, शिवाय चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीटमध्ये मात्र चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, म्हणून दोन पर्याय खात्रीने खोडता आले तरच तिथे अंदाज करावा.