गच्चीवरून दक्षिण ध्रुवाचं आकाश कसं समजून घ्यायचं

शास्त्रज्ञ एवढ्या लांब, अंटार्क्टिकात दक्षिण ध्रुवावर जाऊन दुर्बिणी का लावतात हे आमच्या गल्लीतली पोरं सारखी विचारतात, आणि "तिथं सहा महिने रात्र असते" एवढं सांगितलं की काम अर्धंच होतं. अंधार तर सोलापूरजवळच्या होटगीच्या पुढं गेलं की आपल्यालाही मिळतो. तिथं जायचं मोठं कारण म्हणजे हवेतली वाफ, आणि ती वाफ सोलापुरात घराच्या गच्चीवर उभं राहून जाणवेल अशी मोजता येते, म्हणून कसं करायचं ते नीट लिहितोय.

आधी टेम्परेचर गन लागेल, एसी रिपेअरवाल्यांकडं असते ती. घेताना डब्यावर उणे 50 पर्यंत मोजते का ते बघाच. कोरोनाच्या वेळची कपाळावर धरायची गन चालत नाही, मी आधी तीच घेऊन वर गेलो होतो तर स्क्रीनवर नुसतं "लो" यायचं, कारण ती माणसाच्या तापापुरतीच बनवलेली असते.

दुपारी हा प्रयोग करूच नका. मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो, गन सरळ वर धरली की सूर्यच समोर येणार. जेवणं झाल्यावर वर जा, ढग नसलेली रात्र निवडा, गन पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा आणि लेझरचा ठिपका बंद करा, वरून विमान जात असेल तर पायलटच्या डोळ्यात जायला नको. मग आधी फरशीवर धरा, उन्हाळ्यात फरशी रात्री दहालाही पायाला भाजते तसाच आकडा येईल, आणि मग हात सरळ वर करून बटण दाबा. आकडा एकदम धाडकन खाली येतो. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो खरंच, आपल्या डोक्यावर एवढं थंड काहीतरी रोजच असतं आणि आपण कधी बघितलेलं नसतं.

हा आकडा म्हणजे वरच्या हवेचं खरं तापमान नाही. हवेतली वाफ उष्णता खाली फेकते, गन ती पकडते, म्हणजे वाफ जास्त तर आकडा वर आणि हवा कोरडी तर आकडा खाली. एक वही करा, तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, आकाशाचा आकडा, ढग होते का, आणि रोज त्याच वेळेला मोजा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या कोरड्या रात्री आणि जुलैमधली ढग फाकलेली रात्र शेजारी ठेवून बघा, फरक मोठा दिसेल. पाऊस पडत नाही म्हणजे वाफ नाही असं मात्र समजू नका, आपला भाग पर्जन्यछायेतला असला तरी पावसाळ्यात डोक्यावरची सगळी वाफ पाणी करून खाली पसरली तर सहज 40 मिलिमीटरचा थर होईल. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 आणि 2019 ला सोलापुरात विमानं उडवून ढगांचा अभ्यास केला तो याचसाठी, पाणी वर आहे पण खाली येत नाही.

आता हेच दक्षिण ध्रुवावर. तिथं हिवाळ्यात हा थर बऱ्याचदा अर्धा मिलिमीटरही भरत नाही, कारण एवढ्या थंडीत हवा वाफ धरूच शकत नाही आणि जागाही 2835 मीटर उंचीवर, बर्फाच्या पठारावर आहे. विश्वाच्या जन्मानंतरचा जो प्रकाश आज उणे 270 अंशांइतका थंड होऊन आपल्यापर्यंत येतो तो मिलिमीटरच्या लहरींत असतो आणि वाफ त्यालाच अडवते. तिथली 10 मीटरची साउथ पोल टेलिस्कोप 2007 पासून तोच बघतेय. गनची लहर वेगळी, दुर्बिणीची वेगळी, पण दोघांच्या आड येणारी वाफ तीच.

वहीत ढगाचा कॉलम का ठेवायचा ते पण सांगतो. 2014 ला ध्रुवावरच्याच बायसेप-2 नावाच्या दुर्बिणीच्या टीमने विश्वाच्या सुरुवातीच्या गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींची, खूण मिळाली असं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी प्लँक उपग्रहाच्या टीमबरोबर बसून तपासल्यावर कळलं की आपल्या आकाशगंगेतली धूळच तसा सिग्नल देऊ शकते. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो, त्यांनी परत मोजलं आणि ते छापलं. तुमच्या वहीत एखाद्या रात्री आकडा अचानक वर गेला तर आधी पातळ ढग आहे का बघा, मग वाफेचं नाव घ्या.

दुसरं काम गनशिवायचं. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात. उत्तरेला क्षितिजापासून पावणेदोन मुठी वर ध्रुवतारा सापडेल, कारण सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या जरा वर आहे. आपल्याकडं तारे त्याच्याभोवती तिरके फिरतात म्हणून उगवतात आणि मावळतात. दक्षिण ध्रुवावर ज्या बिंदूभोवती आकाश फिरतं तो बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळं तारे उगवत नाहीत, मावळत नाहीत, एकाच उंचीवर गोल फिरत राहतात आणि दुर्बीण महिनोन्‌महिने तोच तुकडा बघू शकते.

हा फरक समजून घ्यायचा असेल तर मेच्या शेवटी रात्री दीड-दोनला उठा, दक्षिणेला चार मुठी वर, विंचवाच्या शेपटीतल्या मूळ नक्षत्राच्या वर, जरा डावीकडं बघा. आकाशगंगेचं केंद्र तिथंच आहे. 2022 ला तिथल्या कृष्णविवराचा जो फोटो आला तो काढणाऱ्या दुर्बिणींत साउथ पोल टेलिस्कोपही होती. आपल्याकडं ते केंद्र साधारण साडेदहा तास दिसून मावळतं, दक्षिण ध्रुवावर चोवीस तास 29 अंशांवर, म्हणजे तीन मुठींवर.