ऑल-इन-वन कॉम्प्युटरचा (स्क्रीनमागेच सगळं असलेल्या) प्रोसेसर बदलताय? आधी हे बघा

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून पॅकेज (चिप बोर्डला कशी जोडलीय ते) बघा, तिथे बीजीए दिसलं तर चिप बोर्डलाच सोल्डर केलीय, विषय संपला. एलजीए, म्हणजे काढता येणारी चिप असेल तरी नुसता सॉकेट (चिप बसते ती जागा) जुळून भागत नाही हं, एलजीए ११५१ या एकाच सॉकेटमध्ये इंटेलची सातवी जनरेशन आणि आठवी एकमेकांच्या बोर्डवर चालत नाहीत. चिप किती वॉटची, म्हणजे किती तापते, तेही बघा, ३५ वॉटच्या कूलरखाली ६५ वॉटची चिप घातली तर ती तापून स्वतःच स्पीड कमी करणार, मग पैसे घालून मिळवलं काय?

बायोस (बोर्डमधलं, कॉम्प्युटर सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर असतानाच अपडेट करा. मग प्लग काढा, कव्हर उघडा, हीटसिंक (चिपवरचा, उष्णता ओढणारा धातूचा भाग) सोडवा, जुनी चिप काढा, नव्या चिपचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवून अलगद ठेवा, दाबायचं अजिबात नाही, सॉकेटमधल्या पिना वाकल्या की बोर्ड गेला. हीटसिंकवरची जुनी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारी) पुसून चिपवर नवी वाटाण्याएवढीच लावा.